खांबाआडचा बाप

चिंचवड,
९ डिसेंबर १९५७

श्रीमती दुर्गाबाई कड यांना नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. मी पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि चिंचवडला राहतो. पुण्याच्या ज्या साप्ताहिकाने ‘वर्षातले तीन उत्तम आणि तीन टाकाऊ चित्रपट’ ही वाचकांची स्पर्धा जाहीर केली, त्यासाठी हवेली आणि खेड तालुक्यांतून आलेल्या याद्या वाचण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. ज्याची यादी पहिली येईल त्याने पुढचे वर्षभर चित्रपटांवरचे सदर लिहायचे, असे संपादकांनी ठरवले आहे.

एकतीस याद्या आल्या. आपली मी तीनदा वाचली. ‘चंदनपूरची राणी’ला टाकाऊंत पहिला क्रमांक देताना आपण लिहिले आहे, की खलनायक इतका वेळ हसतो की तेवढ्यात पिठले शिजून भाकऱ्या थापून होतात. हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. ‘दुसरी साक्ष’ला आपण उत्तमांत पहिला ठेवला, आणि मुलीच्या लग्नात खांबाआड उभ्या राहणाऱ्या बापाबद्दल जे लिहिले, तसे इतर तिसांपैकी कोणालाच लिहिता आलेले नाही.

तरीही एक विचारणे भाग आहे. आमच्या नियमांपैकी चौथा असा, की प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे, खेळाच्या वेळी विकत मिळणाऱ्या कथासाराच्या पुस्तिकेवरून उतरवू नये. आपली यादी वाचताना मला काही ठिकाणी अडखळल्यासारखे झाले. हे सहा चित्रपट आपण कुठे आणि कधी पाहिले, एवढे कळवावे. राग नसावा. सगळ्यांनाच विचारले असते, पण सगळ्यांबद्दल शंका आली नाही.

आपला,
अर्जुन खटावकर


चाकण,
१४ डिसेंबर १९५७

अर्जुनराव खटावकर यांना दुर्गाबाई कड हिचा नमस्कार.

तुम्ही हसलात हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून तितकं बरं वाटलं नाही.

तुमचे नियम मी पुन्हा काढून पाहिले. सात आहेत. चित्रपट कुठे पाहिला हे लिहावं, असं सातांत कुठेही नाही. चौथा नियम मी पाळला आहे. जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहिलं, पदरचं एक अक्षर घातलं नाही. पुस्तिका मी आयुष्यात एकदाच हातात घेतली. तिच्यात ‘नायिका दुःखसागरात बुडते’ असं होतं आणि पडद्यावर ती अंगणात गोवऱ्या थापत होती.

मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. परीक्षेत एखाद्या मुलीनं फार चांगलं उत्तर लिहिलं की आम्हीही आधी तिच्या शेजारणीची पाटी बघतो. पण शेजारणीच्या पाटीवर काहीच नसेल, तर मग त्या मुलीला मार्क देतो.

दुर्गाबाई कड


चिंचवड,
२० डिसेंबर १९५७

दुर्गाबाईंना नमस्कार.

आपण प्रश्नाचे उत्तर दिले नाही हे माझ्या ध्यानात आले आहे. म्हणून आता उघड लिहितो.

मी पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद त्याच दिवशी डायरीत करतो. ‘दुसरी साक्ष’ मी ऑगस्टमध्ये पुण्यात पाहिला. माझी नोंद अशी: ‘बापाला डावा हात नाही. शर्टाची डावी बाही पिनेने दुमडलेली. मुलीच्या लग्नात खांबाआड उभा राहून उजव्या हाताने अक्षता टाकतो.’ खटल्यात त्याला पोलीस शोधत असतात, म्हणून तो लपतो. आपण लिहिले आहे, की त्याला उजवा हात नाही, आणि मुलीवर डाव्या हाताने अक्षता पडताना लोकांनी पाहू नये म्हणून तो खांबाआड जातो. आपला सगळा निवाडा त्या एका हातावर उभा आहे, आणि तो हात चित्रपटात नाही.

‘घाटातला टांगा’मध्ये टांगेवाला आसूड उजव्या हातात धरतो, आपण डाव्या लिहिता. त्याच चित्रपटात नायिकेची चिठ्ठी पडद्यावर चांगली दहा सेकंद दिसते आणि पुढची सगळी गोष्ट त्या चिठ्ठीवर चालते. आपण ‘चिठ्ठीत काहीतरी वाईट असावे’ असे लिहून पुढे जाता. शिक्षिका असून चिठ्ठी वाचता आली नाही?

यावरून मला दोन शक्यता दिसतात. एक, चित्रपट दुसऱ्याच कोणी पाहून आपल्याला सांगितले आणि सांगणाऱ्याला वाचता येत नव्हते. दोन, यादी आपली नाहीच, कोणा पुरुषाने बाईचे नाव घेऊन ती पाठवली आहे. कारखान्यात माझे काम बाटल्या उजेडासमोर धरून आत कण दिसतो का ते पाहण्याचे आहे. एक कण दिसला तरी बाटली बाजूला काढावी लागते, मग बाकीचे औषध कितीही निर्मळ असो.

चित्रपटगृहाचे नाव आणि महिना, एवढेच कळवावे.

अर्जुन खटावकर


चाकण,
२७ डिसेंबर १९५७

अर्जुनराव,

मी बाई आहे. यादी माझी आहे. अक्षर माझं आहे, हे पत्र तिच्याशेजारी ठेवून बघा.

‘दुसरी साक्ष’ दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात भावाकडे गेले होते तेव्हा पाहिला. बाकीचेही तिथेच, वर्षात जमेल तसे. चित्रपटगृहाचं नाव लक्षात नाही. नाव बघायला जात नाही मी.

हाताबद्दल मला जे दिसलं ते लिहिलं. तुम्हाला दुसरं दिसलं असेल. यापलीकडे मला काही सांगायचं नाही. यादी पसंत नसेल तर टाकून द्या, पण मला खोटी म्हणू नका.

दुर्गाबाई कड


चिंचवड,
६ जानेवारी १९५८

दुर्गाबाईंना नमस्कार.

यादी टाकून देता आली असती तर मीही सुटलो असतो. ती पहिल्या क्रमांकाची आहे, म्हणूनच टाकता येत नाही.

आपण दिवाळीच्या सुट्टीत म्हणता. मी साप्ताहिकाचे जुने अंक काढून पाहिले. ‘दुसरी साक्ष’ पुण्यातून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतरला. दिवाळीत तो पुण्यात कुठेही चालू नव्हता. म्हणजे आपण मला खोटे सांगितले आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

खोटे बोलणाऱ्या माणसाने चांगले लिहिले असू शकते, हे मला कळते. पण परीक्षक म्हणून मी डोळे मिटू शकत नाही. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी चार ओळी लिहिल्या आहेत. या नावाच्या शिक्षिका आहेत का, अक्षर त्यांचे आहे का, आणि त्यांनी हे चित्रपट पाहिले असण्याचा संभव आहे का, एवढेच विचारले आहे. हाताचा मुद्दाही कळवला आहे आणि यादीची नक्कल सोबत जोडली आहे. यात आपले काही बिघडेल असे वाटत नाही.

अर्जुन खटावकर


चाकण,
१३ जानेवारी १९५८

अर्जुनराव,

तुम्हाला वाटत नाही. इथे सगळ्यांना वाटलं.

मुख्याध्यापकांनी तुमचं पत्र वाचलं आणि शाळा समितीच्या अध्यक्षांकडे, उद्धवरावांकडे, पाठवलं. तीन वर्षांपूर्वी समितीनं ठराव केला आहे, की शिक्षिकांनी तंबूतल्या सिनेमाला आणि तमाशाच्या फडाला जाऊ नये, गेल्यास कामावरून कमी करावं. त्यात मी विधवा. नऊ फेब्रुवारीला मला समितीपुढे बोलावलं आहे. दिराच्या घरात एका खोलीत राहते ती या नोकरीच्या जोरावर राहते. नोकरी गेली तर त्याच घरात भांडी घासून राहायचं, हे दिरानं कालच बोलून दाखवलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ऐका.

पुण्यात मी एकही चित्रपट पाहिलेला नाही. ते खोटं होतं. साही चित्रपट मी इथे, बाजारतळावर बबनरावांचा तंबू लागतो त्यात पाहिले. सोजराबाई म्हणून माझ्या शेजारीण आहेत, कांद्याच्या वखारीत निवडायला जातात. त्या मला पहिल्यांदा घेऊन गेल्या. “आवं बाई, पदर वढून घ्या म्होरं. अंधारात समद्या सारख्याच दिसत्यात. कोन वळखतंय?” अशा ओढत घेऊन गेल्या, आणि मग मला कोणी ओढावं लागलं नाही.

तुम्ही तंबूत कधी बसला नसाल. आमच्या इथे पडदा तंबूच्या मधोमध असतो. मशीन आणि पुरुष एका बाजूला, बाया पडद्याच्या पलीकडे. खेळाआधी पडद्यावर बादलीनं पाणी मारतात. ओल्या कापडातून चित्र आमच्या बाजूला झिरपतं. ते उलटं असतं, अर्जुनराव. आरशातल्यासारखं. आमच्या बाजूला सगळे डावखुरे. डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं लिहितात. आम्ही मनातल्या मनात सुलटं करून घेतो, आता ते कळतही नाही. पण अक्षरं सुलटी करता येत नाहीत. चिठ्ठी आली की चाळीस बाया ओरडतात, “बाई, काय लिव्हलंय?” आणि मी शेवटाकडून जुळवायला लागते. तिसऱ्या शब्दाला चिठ्ठी नाहीशी होते.

त्या बापाच्या वेळी पडद्यावर दुसरं कोणीच नव्हतं. एक खांब आणि तो. डाव्या हातानं अक्षता टाकत होता. सुलटं करून घ्यायचं राहून गेलं. डोळ्यांत पाणी होतं. मग मी तेच लिहिलं, कारण तुमचा चौथा नियम तसा होता.

दुर्गाबाई कड


चिंचवड,
२० जानेवारी १९५८

दुर्गाबाईंना नमस्कार.

आपले पत्र वाचून पहिली गोष्ट मी काय केली ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. आपण म्हणता ते खरे का, हे पाहायला मी शनिवारी चाकणला आलो. आपल्याला भेटलो नाही. तोंड नव्हते.

बबनराव तंबूच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. पडद्यामागे जायचे आहे म्हटल्यावर उभेच राहिले.

“सायेब, बायांच्या बाजूला आजवर मी बी पाय ठेवला न्हाई. तुमी कोन? पोलिसातलं?”

“चित्रपटांवर लिहितो.”

“मग म्होरल्या बाजूनं लिवा की. म्होरनं काय कमी दिसतंय?”

शेवटी ऊन उतरल्यावर, माणसे यायच्या आधी, मशीन तपासायला ते पाच मिनिटे जुने रीळ चालवतात, तेवढा वेळ त्यांनी मला पलीकडे उभे राहू दिले. नशीब असे, की ‘दुसरी साक्ष’चेच रीळ होते, परत धाडायचे राहिलेले. पाणी मारलेल्या कापडातून पाण्याचे थेंब गळत होते. बापाची उजवी बाही दुमडलेली होती. त्याने डाव्या हाताने अक्षता टाकल्या. मी पडद्याला वळसा घालून पुढे आलो तर डावी बाही दुमडलेली. पुन्हा मागे गेलो. बबनराव म्हणाले, “सायेब, घिरट्या घालू नका, कापडावर सावली पडतीया.”

पुढून पाहताना तो बाप पोलिसांना भितो. मागून पाहताना तो आपल्या मुलीला अपशकून होईल म्हणून भितो. मी बी. एस्सी. झालेला माणूस, तिथे उभा राहून मला आपण लिहिलेलाच बाप जास्त खरा वाटला.

आता मी लपवलेले सांगतो. ते सदर गेली तीन वर्षे मीच लिहीत होतो. पहिला येणारा वाचक माझ्याच जागी बसणार आहे. डिसेंबरमध्ये आपली यादी घरी दाखवली तेव्हा माझी पत्नी यशोदाबाई म्हणाली, “बाईमाणसानं तुमच्याहून बरं लिहिलं, म्हणून पोट दुखतंय का?” मी तिच्यावर चिडलो. नंतर डायरीत लिहिले: ‘शंका खरी की मत्सर, ठरवता येत नाही. तूर्त शंका धरून चालतो.’ ठरवता येत नव्हते तर थांबायला हवे होते.

मुख्याध्यापकांचे उत्तर आले आहे. ते लिहितात, ‘बाईंनी चित्रपट पाहिले की पुस्तिकेवरून उतरवले, याबद्दल परीक्षकाचे लेखी मत समितीला हवे. न पाहता लिहिले असल्यास समितीचे काही म्हणणे राहणार नाही.’ म्हणजे मी आपल्याला खोटे ठरवले तर आपली नोकरी राहते, पण यादी बाद होते. खरे ठरवले तर यादी पहिली येते आणि नोकरी जाते.

सोबत दोन पत्रे जोडली आहेत, दोन्हींवर माझी सही आहे. एकात लिहिले आहे की यादी ऐकीव माहितीवर केलेली आहे. दुसऱ्यात खरे ते. आपल्याला योग्य वाटेल ते मुख्याध्यापकांना द्यावे, दुसरे जाळावे.

अर्जुन खटावकर


चाकण,
२४ जानेवारी १९५८

अर्जुनराव,

तुमची दोन्ही पत्रं परत करते आहे.

आधी दीड महिना तुम्ही माझा न्याय करत होता. आता न्याय नको झाला, म्हणून दोन कागदांवर सही करून माझ्या पदरात टाकलात. मी खोटं पत्र दिलं तर खोटेपणा माझा, खरं दिलं तर नोकरी मीच घालवली. तुमचे हात दोन्हीकडून स्वच्छ.

रागावून लिहिते आहे, पण विचार करून लिहिते आहे. सोजराबाईंना दोन्ही पत्रं वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “द्या की खोटं! तंबूत न्हाई गेले म्हना. पोटापरीस खरं मोठं हाय व्हय?” रात्रभर मलाही तेच वाटत होतं. तुम्हाला सांगते, खोटं पत्र मी पाकिटातसुद्धा घातलं होतं.

मग सकाळी वर्गात गेले. चौथीतल्या एका मुलीनं गणित शेजारणीचं बघून लिहिलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, “मी बघितलं न्हाई, बाई.” मी तिला रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. असं दर दिवशी तोंड मिटून मला शिकवता येणार नाही.

समितीपुढे मी स्वतः जाईन. तुम्हाला काही द्यायचं असेल तर ते तुमच्या नावानं, तुमच्या हातानं द्या.

दुर्गाबाई


चाकण,
१० फेब्रुवारी १९५८

अर्जुनराव,

तुमचं खरं पत्र मुख्याध्यापकांकडे आदल्या दिवशी पोचलं होतं. ते त्यांनी मला दाखवलं. उशिरा पाठवलंत, पण तुमच्या हातानं पाठवलंत.

काल समिती भरली. शाळेच्याच खोलीत, मुलींच्या बाकांवर चार मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. उद्धवराव अध्यक्ष. माणूस तसा वाईट नाही. म्हणाले, “बाई, पिंपरीच्या सायबाची दोन पत्रं हायती. पयल्यात लिव्हलंय शंका हाय, दुसऱ्यात लिव्हलंय शंका न्हाई. आमी आपलं पयलं धरतो. तुमी नुसतं व्हय म्हना. चहा घ्या आन घरी जावा.”

मी म्हटलं, “मी पाहिले. साही.”

“आवं, कशाला हट्ट?”

दुसरे एक सभासद म्हणाले, “बाई बडाई मारत्यात. पेपरात नाव छापून येतंय ना! पाह्यला असता तर हात चुकला असता का? म्या सोता पाह्यलाय. बापाला डावा हात न्हाई.”

“उजवा,” मी म्हटलं.

“डावा!”

“तुमच्या बाजूनं डावा. आमच्या बाजूनं उजवा.”

“हात काय बाजू बघून तुटतो?”

तेवढ्यात उद्धवराव बोलले. “थांबा. ह्यात कायतरी घोळ हाय. म्या बी डावाच पाह्यला. पर आमच्या घरात बी उजवाच म्हणत्यात. आठ दिस झालं, जेवताना त्योच वाद—”

आणि थांबले.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. डावा हात म्हणणारे सभासद फळ्याकडे बघायला लागले; तिथे कालचा पाढा तसाच होता. त्यांच्या घरच्याही तंबूत असतात, मला माहीत आहे. त्यांचा पदर आणि माझा पदर एकाच सतरंजीवर असतो. मी एक नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही.

उद्धवरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, “विषय संपला. बाईंनी उद्या शाळेवर यावं.”

तर नोकरी राहिली. पण खुशाली इथेच संपते. आज सकाळी कळलं, की येत्या शनिवारपासून बायांच्या दारापाशी उद्धवरावांचा गडी गेनू वही घेऊन बसणार आहे. आत जाईल तिचं नाव लिहायचं आणि संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी नेऊन द्यायचं. चौथी झालेला आहे तो, लिहिता येतं. मी मुलांच्या शाळेत होते तेव्हा माझ्याच हाताखाली शिकला.

तुमच्या एका शंकेचं पत्र कुठवर पोचलं बघा.

दुर्गाबाई


चिंचवड,
१७ फेब्रुवारी १९५८

दुर्गाबाई,

आपली यादी मी पहिली लावली आणि गेल्या आठवड्यात संपादकांकडे पाठवली. त्यांना दोन्ही बाजूंच्या हातांबद्दलही लिहिले. त्यांचा प्रश्न एवढाच, की सदर आपण स्वीकारता का, आणि नाव छापायचे का. निर्णय आपला. या वेळी मी खरोखरच त्यात काही बोलणार नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायची आहे. समितीच्या बैठकीची हकिगत वाचून मला पुन्हा शंका आली. अध्यक्षांच्याच तोंडून नेमके तेच वाक्य निघावे, हे मला फारच जमून आलेले वाटले. वाटले, बाई लिहिणाऱ्या आहेत, थोडे रंगवले असेल. मी कार्ड घेतले आणि बबनरावांना लिहायला बसलो: ‘गावात याबद्दल काय बोलतात ते कळवावे.’ पत्ता लिहून झाला होता. यशोदाबाई मागे उभी होती. कार्डावरचा पत्ता वाचत होती. मी कार्ड फाडले.

डायरीत त्या दिवशी लिहिले: ‘आज न तपासता विश्वास ठेवला. जड गेले.’ हा मोठेपणा नव्हे. आपण खरे सांगता याची मला खात्री आहे असेही म्हणत नाही. एवढेच, की ती खात्री मागायचा हक्क मी वापरून संपवला आहे.

शनिवारचे काय झाले? गेनूच्या वहीत किती नावे आली? मला त्यापायी झोप नाही.

अर्जुन


चाकण,
२ मार्च १९५८

अर्जुनराव,

पहिल्या शनिवारी वहीत एकही नाव आलं नाही. बायांची बाजू मोकळी. दुसऱ्या शनिवारीही तेच. बबनराव मला बाजारात भेटले, म्हणाले, “बाई, ही बाजू रिकामी ऱ्हायली तर मी पडदा मागल्या कनातीला लावतो आन समद्या तंबूत बाप्येच बसवतो. नायतर तळ उचलून जातो.” सोजराबाई वखारीत मुकाट कांदे निवडत होत्या. त्या मुकाट राहिल्या की मला भीती वाटते.

काल तिसरा शनिवार. मी शाळा सुटल्यावर घरी गेले, तोंड धुतलं, आणि पदर नेहमीसारखा खांद्यावरच ठेवून बाजारतळावर गेले. चांगला उजेड होता. गेनू पेटीवर बसला होता. मला बघून उभा राहिला.

“बाई, तुमी कशाला...”

“लिही.”

“बाई, तुमचं नाव मला लिवायला लावू नका.”

“मीच शिकवलंय तुला. दुर्गाबाई कड. ‘ड’ला पाय नीट काढ.”

लिहिलं त्यानं. कान लाल झाले होते. मी आत जाऊन एकटी बसले. समोर चाळीस बायांची सतरंजी आणि तिच्यावर मी एक. मला त्या वेळी खरंच वाटलं, की आपण मूर्ख आहोत.

मग बाहेरून सोजराबाईंचा आवाज आला. “लिव्ह की! का हात मोडलाय? सोजराबाई. वखारवाली. शेजारच्या दोघी माझ्या नावात धर.” त्या आत आल्या, माझ्याशेजारी धपकन बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, येकटीनं नाव लिव्हून घेतलं व्हय? आमाला सांगायचं न्हाई?”

त्यानंतर एकेक येत गेली. मी मोजल्या नाहीत. खेळ सुरू व्हायच्या जरा आधी दारात गलका थांबला. उद्धवरावांच्या घरच्या, गवराबाई, आल्या होत्या. गेनू त्यांच्याच शेतावर काम करतो, त्यांच्याच हातची भाकरी खातो. तो वही पाठीमागे धरून उभा.

“आन ती वही.”

“मालकीनबाई, मालकांनी सांगितलंय...”

“म्हनूनच आन. माझं नाव पयल्या वळीत लिव्ह, समद्यांच्या वर. आन ती वही मीच घेऊन जाते घरी, तुला कशाला हेलपाटा?”

वही घेऊन त्या आत आल्या आणि पडद्याच्या अगदी जवळ बसल्या. त्यांच्या लुगड्यावर पाणी गळत होतं, तरी हलल्या नाहीत. घरी गेल्यावर काय झालं ते मला माहीत नाही. उद्या शाळेत मला कोण काय विचारील तेही माहीत नाही. तुम्ही हे सगळं फार जमून आलेलं म्हणाल. म्हणा. कार्ड लिहायचं असेल तर या वेळी मला लिहा.

सदर मी लिहीन. नाव पूर्ण छापा, गावासकट. ‘दुसरी साक्ष’ पहिलाच राहू द्या, आणि उजवा हात उजवाच. खाली हवं तर लिहा, की ही नोंद पडद्याच्या पलीकडची आहे.

कालचा चित्रपट ‘हवालदाराची मेहुणी’ होता. इतका टाकाऊ चित्रपट मी जन्मात पाहिला नाही. अर्ध्यातून उठून जावं असं सगळ्यांना वाटत होतं आणि एकही बाई उठली नाही.

दुर्गाबाई कड